खुर्चीवरची टोपी

लंडन, ६ मार्च १९८१

प्रिय युस्ताश,

आधी हे आईला वाचून दाखव, मग स्वतः वाच. उलट केलंस तर मधले परिच्छेद गाळशील, तुझी सवय मला माहीत आहे.

माझी बढती झाली. सात वर्षं ॲन्स कॅनोच्या शाळेत पाढे घेतले, चार वर्षं मंत्रालयात दुसऱ्यांची पत्रं टंकलिखित केली, आणि आता मी आपल्या वकिलातीची तृतीय सचिव आहे. पहिला आणि दुसरा सचिव कुठे आहेत, असं इथले लोक विचारतात. ते नाहीतच. आपल्या देशाला स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली, तेवढ्यात तिसऱ्यापर्यंतच मजल गेली आहे.

कामाचं म्हणशील तर गेल्या आठवड्यात मंत्रीमहोदयांची हरवलेली बॅग शोधली, इथे वारलेल्या आपल्या एका नर्सची शवपेटी विमानात चढवली, आणि दुकानदारांच्या संघटनेपुढे वीस मिनिटं केळ्यांवर बोलले. त्या दिवशी बाजारात एक घड हातात घेतला तर त्यावर चिकटपट्टी होती: शेड क्रमांक ४७. आपली शेड, तू तपासलेली केळी. मी तिथेच उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "बाई, घ्यायची असतील तर घ्या, नुसती बघून पिकत नाहीत." चार घेतली.

भाषणात मी म्हटलं की आमच्या बेटावर केळीचं झाड वर्षानुवर्षं फळ देतं आणि त्या झाडावर आमची गावं जगतात. टाळ्या चांगल्या पडल्या.

थेक्ला


ॲन्स कॅनो, २ एप्रिल १९८१

प्रिय थेक्ला,

पत्र मावशीला वाचून दाखवलं. एकही परिच्छेद गाळला नाही.

तुझ्या भाषणात दोन चुका आहेत. एक, केळ हे झाड नव्हे. त्याला खोड नसतं, पानांचे देठ एकावर एक गुंडाळलेले असतात. दोन, केळ वर्षानुवर्षं फळ देत नाही. ती एकदाच विते, मग तिला कापतात आणि बुडाशी आलेलं पिलू तिची जागा घेतं. मी पाचवीपर्यंत शिकलो, पण शेतकी खात्याचं पुस्तक तीनदा वाचलं आहे आणि अठरा वर्षं ते हातांनी पडताळलं आहे. तुला टाळ्या मिळाल्या, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. पुढच्या वेळी आधी मला विचार.

सोमवारी सकाळी गाड्या भरतात, मंगळवारी जहाज सुटतं. खोक्यात जाणारं प्रत्येक केळ मी पितळी मापकाने मोजतो. चिकाचा डाग दिसला तर अख्खी फणी बाजूला. लोक मला तोंडावर शिव्या देतात. परवा सिल्व्हेनस म्हणाला, "युस्ताश, तुझं लग्न झालं नाही ते बरंच झालं, बायकोलाही मापक लावलं असतंस." पण शेड सत्तेचाळीसचं एकही खोकं बंदरावरून परत आलेलं नाही.

मावशी सांगते, थंडीत डोकं उघडं ठेवू नकोस. ती ताडाच्या पातीची टोपी विणते आहे. मी म्हटलं, अशा टोपीने लंडनची थंडी जात नाही. ती म्हणाली, तुझी आई मेली तेव्हा तुला पदरात घेतलं, वाढवलं, ते उलट उत्तरं ऐकायला नव्हे. तेव्हा टोपी येईल.

युस्ताश


न्यूयॉर्क, १९ ऑक्टोबर १९८७

प्रिय युस्ताश,

काराकसहून लिहायचं राहिलं. तिथे दोन वर्षं व्हिसा देण्यात आणि वादळानंतर तंबू मागण्यात गेली. आता इथे आले आहे, सगळ्या जगाच्या सभेत. आपल्या देशाचं शिष्टमंडळ म्हणजे मी. नेता, सल्लागार, टंकलेखक, ड्रायव्हर, सगळं मीच. मोठ्या देशांची चाळीस-चाळीस माणसं असतात, त्यांच्यातला एकजण नुसत्या कागदांच्या पेट्या सांभाळतो.

एका वेळी तीन खोल्यांत तीन समित्या बसतात. समुद्राची हद्द एकीत, कर्जं दुसरीत, केळी आणि साखर तिसरीत. तिन्हीकडे आपल्या देशाची पाटी मांडलेली, पाटीमागे खुर्ची. बोलायची पाळी आली आणि खुर्ची रिकामी दिसली की अध्यक्ष आपलं नाव गाळून पुढे जातात. मग मला चर्चमध्ये आई काय करायची ते आठवलं. कंदील आणायला बाहेर जायची तेव्हा बाकावर टोपी ठेवून जायची, मग त्या जागेवर कोणी बसायचं नाही. मीही तेच करते. तिची टोपी एका खुर्चीवर ठेवते, दुसऱ्या खोलीत बोलून येते, टोपी उचलते, तिसरीकडे ठेवते. शेजारचा प्रतिनिधी म्हणाला, "तुमच्या देशाची टोपी सगळीकडे हजर असते."

आईला हे सांग. आणि केळ हे झाड नव्हे, हे मी परवा भर सभेत एका मोठ्या देशाच्या मंत्र्याला सुनावलं. तुझ्याच शब्दांत.

थेक्ला


ॲन्स कॅनो, १४ नोव्हेंबर १९८७

प्रिय थेक्ला,

मंत्र्याला सुनावलंस ते बरं केलंस. चर्चमधला तो कंदील नव्हता, मेणबत्त्यांचा डबा होता.

मावशी टोपीचं ऐकून इतकी हसली की कोकोचा चहा सांडला. मग म्हणाली, टोपी जागा राखते, प्रार्थना म्हणत नाही, तिला सांग. सांगितलं.

दुसरी टोपी पाठवतो आहे. पहिलीची कड आता उसवली असेल, असा तिचा अंदाज आहे.

युस्ताश


ॲन्स कॅनो, १६ जानेवारी १९९६

प्रिय थेक्ला,

तू आता राजदूत आहेस, तेव्हा महामहिम म्हणायला हवं. पण आपल्या घरात पाणी भरायची पाळी चुकवणाऱ्या मुलीला महामहिम म्हणायला माझी जीभ वळत नाही.

कामाचं लिहितो. रेडिओवर रोज सांगतात की जिनिव्हात केळ्यांचा करार नव्याने लिहिला जातो आहे. आपल्या बेटांसाठी बाजारात जी जागा राखून ठेवलेली होती ती राहणार की जाणार, हे मार्चअखेर ठरणार. ती गेली तर मोठ्या मळ्यांच्या केळ्यांपुढे आपली केळी टिकणार नाहीत. मंगळवारचं जहाज यायचं थांबेल. ॲन्स कॅनोत दोनशे चौदा बागायतदार आहेत. गेल्या सप्टेंबरच्या वादळात एकशे एक्क्याण्णवांच्या बागा झोपल्या. डोंगर नुसता तपकिरी दिसतो. टेलिफोनची तारही तेव्हापासून तुटलेलीच आहे, म्हणून पत्र.

आता प्रश्न असा आहे. पिलं लावायची असतील तर फेब्रुवारीच्या अखेरीला लावायला हवीत, म्हणजे वर्षाअखेर घड हाती येतील. लावायची नसतील तर तरण्या लोकांनी आत्ताच बार्बाडोसला किंवा ग्वादलूपला कामाला निघायला हवं. उसाचा हंगाम उघडला आहे, जहाजावर जागा मिळते, एप्रिलनंतर मिळणार नाही. शेडमध्ये बैठक झाली. दोन तास भांडण झालं. शेवटी सिल्व्हेनस म्हणाला, "थेक्ला त्या खोलीत बसली आहे. ती सांगेल तसं करू." सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेव्हा स्पष्ट लिही. लावायची का?

मावशी ठीक आहे. जरा खोकला आहे.

युस्ताश


जिनिव्हा, ११ फेब्रुवारी १९९६

प्रिय युस्ताश,

पत्र काल मिळालं.

आपल्या बेटांच्या राखीव जागेचा परिच्छेद मसुद्यात आहे. त्याच्याभोवती चौकोनी कंस आहेत. जे अजून ठरलेलं नाही ते अशा कंसात ठेवायची इथली पद्धत आहे. कंस असेपर्यंत आशा असते. परिषद एकोणतीस मार्चपर्यंत चालेल. तोपर्यंत मला खुर्ची सोडून कुठेही जाता येणार नाही.

लावा. पिलं लावा, असं त्यांना सांग.

आईचा निरोप या वेळी तुझ्या पत्रात नव्हता. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच. खोकला किती दिवसांचा आहे? तू सगळं मोजून लिहितोस, हे का मोजलं नाहीस? गरज असेल तर मंत्रालयातल्या पास्कल यांच्याकडून तार कर. खुर्ची सोडता येणार नाही असं म्हटलं, पण तू लिहिलंस तर येईन.

थेक्ला


ॲन्स कॅनो, १२ मार्च १९९६

प्रिय थेक्ला,

तुझं पत्र सव्वीस फेब्रुवारीला आलं. त्याच संध्याकाळी शेडमध्ये वाचून दाखवलं. 'लावा' हा शब्द मला दोनदा वाचायला लावला. दुसऱ्या दिवसापासून लावणी सुरू झाली. आजपर्यंत एकतीस हजार चारशे पिलं लागली. प्रत्येक खड्डा दीड फूट, मी फिरून पाहिले. सिल्व्हेनसचा मुलगा आणि सून ग्वादलूपला निघाले होते, बोचकी सोडून परत आले. तू खुर्चीवर बसून आहेस तोवर आम्ही खड्ड्यांत पाय रोवून आहोत, असं इथले लोक म्हणतात.

खुर्ची सोडू नकोस. कशासाठीही नाही.

मावशीला आता त्रास नाही. ती तुझ्यासाठी टोपी विणत होती. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

तुझी शाळेतली जुनी टोपी पेटीत सापडली, निळ्या फितीची. कसर लागलेली नव्हती. काल कामाला आली.

युस्ताश


जिनिव्हा, २ एप्रिल १९९६

प्रिय युस्ताश,

आईला आता त्रास नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. म्हणूनच हे पत्र लिहायचा धीर होतो आहे. हे तिला वाचून दाखवू नकोस. मी येऊन सांगेन.

परिषद संपली. आपला परिच्छेद करारात नाही. तो एकोणतीस मार्चला गेला नाही, नऊ फेब्रुवारीलाच गेला. तुला पत्र लिहिलं त्याच्या दोन दिवस आधी.

तू कारण विचारशील आणि नेमकं विचारशील, म्हणून नेमकं लिहिते. त्या शुक्रवारी केळ्यांचा विषय दुपारी चार वाजता होता. अकरा वाजता दुसऱ्या खोलीत वादळग्रस्त बेटांच्या मदतीची चर्चा होती. तुमच्या तुटलेल्या तारेचं, झोपलेल्या बागांचं मलाच बोलायचं होतं, दुसरं कोण होतं? केळ्यांच्या खोलीत खुर्चीवर आईची टोपी ठेवली आणि गेले. साडेअकराला त्यांचा आधीचा विषय अचानक आटोपला आणि अध्यक्षांनी केळ्यांचा घेतला. परिच्छेद वाचला, तो काढून टाकावा अशी सूचना आली. अध्यक्षांनी विचारलं, कोणाची हरकत आहे का. इथे गप्प राहणं म्हणजे होकार. त्यांनी आपल्या पाटीकडे पाहिलं म्हणे. पाटीमागे टोपी होती. त्यांनी लाकडी हातोडी आपटली.

मी बारा वाजता परतले. मसुद्यात कंस नव्हते. मी म्हटलं, विषय पुन्हा घ्या. अध्यक्ष चांगले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "बाई, खुर्ची रिकामी असती तर मी थांबलो असतो. तुमची टोपी होती, मला वाटलं तुम्ही खोलीतच आहात आणि तुम्हाला मान्य आहे."

मी हरकत घेतली असती तरी कदाचित महिन्याभराने तेच झालं असतं. पन्नास वेळा स्वतःला हे सांगून झालं. पण घेतली नाही, हे खरं आहे.

मग तुझं पत्र आलं. लावायची का? मला वाटलं, अजून सहा आठवडे आहेत, एकेकाचे पाय धरून परिच्छेद परत आणीन. 'नाही' असं लिहिलं असतं तर गावाने मला काय म्हटलं असतं, हेही मनात होतं. म्हणून 'लावा' लिहिलं. सहा आठवडे मी दारोदार फिरले. सगळे सौजन्याने कॉफी देत होते. खरं म्हणजे दहा फेब्रुवारीपासून त्या खुर्चीत बसून राहण्याचं काहीच कारण नव्हतं. बारा तारखेच्या विमानाने मी घरी येऊ शकले असते.

लोकांना तूच सांग, किंवा मी येईपर्यंत थांब. मेच्या पहिल्या आठवड्यात येते. आधी आईच्या पायाशी बसेन, मग शेडमध्ये उभी राहीन. त्यांनी दगड मारले तरी चालेल.

थेक्ला


ॲन्स कॅनो, २० एप्रिल १९९६

थेक्ला,

तुझं पत्र अठराला आलं. मी ते तीनदा वाचलं. त्यात चूक नाही. सगळं नेमकं आहे.

आता माझं नेमकं ऐक.

मावशी शनिवारी, दोन मार्चला, सकाळी सव्वानऊ वाजता गेली. खोकला ख्रिसमसपासून होता. जानेवारीत ती उठायची थांबली. तुला लिहिलं ते खोटं. मंत्रालयातले पास्कल तार करायला निघाले होते, त्यांना मी स्वतः राजधानीत जाऊन थांबवलं. म्हटलं, थेक्ला तिथून निघाली तर आमची खुर्ची रिकामी होईल. त्यांनाही पटलं. तुला बोलवू का, असं मावशीला विचारलं होतं. फेब्रुवारीभर ती रोज विचारायची, थेक्ला कधी येते. मी सांगायचो, ती आपल्या सगळ्यांसाठी बसली आहे. ती म्हणायची, मग बसू दे. शेवटच्या आठवड्यात तिने विचारणंही सोडलं.

म्हणजे तू जिच्यासाठी आली नाहीस ती खुर्ची नव्हतीच. आणि मी ज्या कारणासाठी तुला येऊ दिलं नाही ते कारणही उरलं नव्हतं. तू बाराला निघाली असतीस तर अठरा दिवस तिच्याजवळ बसली असतीस. मोजून पाहिलं.

आता नवव्या दिवसाचं. तुला रीत माहीत आहे, तरी लिहितो. अंगणात सगळे जमले. विलायती फणस भाजला, खारा मासा शिजवला. म्हातारा प्लासिड मधोमध उभा राहिला आणि त्याने तीनदा विचारलं, घरातलं कोणी हिला अडवतंय का. पोटच्या मुलीने म्हणायचं असतं, जा आई. ती मुलगीच नसेल तर निरोप पुरा होत नाही. मी त्याआधी प्लासिडच्या घरी जाऊन भांडलो होतो. तो म्हणाला, मुलीची जागा रिकामी ठेवून मी विचारणार नाही. तेव्हा मला तुझी युक्ती आठवली. पेटीतली निळ्या फितीची टोपी काढली आणि पुढच्या खुर्चीवर ठेवली. प्लासिडने टोपीकडे पाहिलं. तीनदा विचारलं. कोणी काही बोललं नाही. त्याने काठी जमिनीवर आपटली आणि म्हणाला, जाऊ दिली.

मला तेव्हा ती फार हुशारी वाटली होती.

एक गोष्ट मी केली नाही. निरोपानंतर मेलेल्याचा पलंग फिरवून ठेवायचा असतो, म्हणजे तो परत आला तर त्याला घर ओळखू येत नाही. मी फिरवला नाही. बायका रागावल्या. पण तुझा शब्द पोचला पाहिजे, तोवर तिला घर ओळखता यायला हवं, असं मला वाटलं. मी या गोष्टी मानत नाही, तुला माहीत आहे. तरी पलंग अजून होता तसाच आहे. ये आणि जे म्हणायचं ते म्हण.

करारातला परिच्छेद गेल्याचं गावाला मी काल सांगितलं. तू 'लावा' का लिहिलंस तेही सांगितलं, टोपीसकट. दगड कोणी उचलला नाही. सिल्व्हेनसने विचारलं, ग्वादलूपचं जहाज किती तारखेला होतं. मी म्हटलं, गेलं ते. तो म्हणाला, बरं. आणि घरी गेला.

पिलं छान धरली आहेत. शंभरात सत्त्याण्णव. इतकं मी कधी पाहिलं नव्हतं.

युस्ताश


राजधानी, ९ मे १९९६

युस्ताश,

तुझं पत्र निघायच्या दिवशी मिळालं. विमानात उघडलं. त्याबद्दल काही लिहीत नाही, शब्द सापडले की लिहीन. तू मला दोष दिला नाहीस आणि स्वतःलाही मोकळं सोडलं नाहीस, इतकं कळलं.

मी परवा इथे उतरले. तुझ्यापासून बावीस मैलांवर आहे. काल सकाळी गाडीत बसले. सेंट रॉशच्या वळणावर पोचले, जिथून ॲन्स कॅनोचा डोंगर दिसायला लागतो. तो हिरवा होता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत कोवळा हिरवा, मी लावायला लावलेला. ड्रायव्हर म्हणाला, "बघा बाई, किती सुंदर झालाय." मी त्याला गाडी वळवायला सांगितलं.

आज मंत्र्यांनी बोलावलं. जूनमध्ये रोमला मासळीची परिषद आहे. पाठवायला दुसरं कोणी नाही. मी राजीनामा नेला होता, त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही गेलात तर आमची पाटीही जाईल." त्यांचं बरोबर आहे. उद्या निघते आहे.

पलंग तू फिरव. आईला फार दिवस थांबवलं. मी पोचेन असं धरून तिला अजून थांबवणं बरं नव्हे.

थेक्ला


ॲन्स कॅनो, १७ मे १९९६

थेक्ला,

सेंट रॉशच्या वळणापासून आपलं घर सहा मैल आहे. तू बावीसातले सोळा आली होतीस.

पलंग काल फिरवला. चौघेजण लागले, लाकूड जुनं आहे. उशी डोंगराकडे होती ती समुद्राकडे केली. सिल्व्हेनस मदतीला आला होता. मंगळवारचं जहाज आता महिन्यातून एकदा येईल आणि डिसेंबरनंतर येणार नाही, असं कंपनीचं पत्र आहे. आपले घड डिसेंबरमध्येच तयार होतील. मी मापक पुसून ठेवलं आहे. तरी सकाळी फिरून बागा बघतो, सवय जात नाही.

पलंगाखाली मावशीची शेवटची टोपी मिळाली. वरचा भाग आणि चार बोटं कड झाली आहे, पुढे विणायची राहिली. माप तुझंच, बावीस इंच, दोरीने मोजलं. सुटी टोकं मी बांधून घेतली, पण विणकाम मला येत नाही आणि येणारं घरात कोणी उरलं नाही. सोबत पाठवतो.

घालायच्या उपयोगाची नाही. खुर्चीवर ठेवायला चालेल.

युस्ताश